अंडे : पानावरचे आणि मातीवरचे

आपल्या घरांतील मुलांना अंडे प्रथम भेटते ते स्वयंपाकघरात आणि मग ईस्टरच्या सणाला, रंग वा साखर लेवून. दोन्ही ठिकाणी ते माणसासाठी असते. ज्या जिवाने ते घातले आणि जो जीव त्यातून यावयाचा, त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. ही उणीव भरून काढू पाहणाऱ्या दोन इंग्रजी बालपुस्तकांचा विचार येथे करावयाचा आहे. रूथ हेलर यांचे 'चिकन्स आरन्ट दि ओन्ली वन्स' १९८१ साली प्रसिद्ध झाले. डायना हट्स ॲस्टन यांनी लिहिलेले आणि सिल्व्हिया लाँग यांनी चित्रांनी सजविलेले 'ॲन एग इज क्वायट' २००६ साली आले. दोहोंचा विषय एकच. दृष्टी मात्र भिन्न आहे.

हेलरबाईंचे पुस्तक पद्यात आहे आणि चित्रेही त्यांचीच. मुलाला जी ठाऊक असते त्या कोंबडीपासून त्या आरंभ करतात आणि अंडी घालणारी ती एकटीच नव्हे, हे पानागणिक उलगडत नेतात. पक्ष्यांमागून साप, सरडे, मगरी, कासवे येतात. बेडूक, मासे, कोळी, कीटक येतात. शेवटी अंडी घालणारे सस्तन प्राणी, प्लॅटिपस आणि काटेरी मुंगीखाऊ, दाखवून त्या मुलाचा सोपा नियम मोडतात. मग या साऱ्यांना सामावणारा एक शास्त्रीय शब्द त्या देतात. इंग्रजी मुलाला तो शब्द जड वाटेल. आपल्याकडे मात्र 'अंडज' हा शब्द तयारच आहे. जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज ही जुनी विभागणी आज शास्त्राला मान्य नाही, कारण घामातून जीव जन्माला येत नाहीत. तरी 'अंडज' टिकला, कारण त्यामागचे निरीक्षण खरे होते. पुस्तकाचा दोष एवढाच, की यमकांच्या ओघात प्रत्येक प्राणी घाईने येतो आणि घाईने जातो.

ॲस्टन-लाँग यांना घाई मुळीच नाही. त्यांच्या पुस्तकात अंड्याचा एकेक गुण घेऊन त्याभोवती चित्रे मांडली आहेत : शांतपणा, रंग, आकार, चतुराई. मोठ्या वळणदार अक्षरांत एक लहानसे वाक्य आणि त्याजवळ बारीक अक्षरांत माहिती, अशी रचना असल्यामुळे धाकटे भावंड आणि थोरले भावंड एकाच पानावर बसू शकतात. साठांहून अधिक प्रकारची अंडी येथे आहेत. हमिंगबर्डचे अंडे गोळीएवढे, तर शहामृगाचे उचलण्यास दोन्ही हात लागावेत एवढे. कवचाआड जीव कसा वाढतो, हेही चित्रांतून दिसते. इतका वेळ जपलेली शांतता शेवटी पिलू बाहेर येताच भंगते. हा शेवट वाचताना आपल्या भाषेतला 'द्विज' हा शब्द आठवतो. पक्षी दोनदा जन्मतो : एकदा अंडे म्हणून, एकदा पिलू म्हणून. पुस्तकाने जे अनेक पानांत साधले ते या शब्दात पूर्वीच साठविलेले आहे.

असे असूनही या सुंदर पुस्तकाविषयी दोन आक्षेप नोंदविणे भाग आहे.

पहिला माहितीचा. कड्यावर राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची अंडी एका टोकाला निमुळती असल्याने ती गोल फिरतात, खाली पडत नाहीत, असे पुस्तक सांगते. हे स्पष्टीकरण जुने आणि लोकप्रिय आहे. परंतु टिम बर्कहेड यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याविषयी शंका घेतली असून, उतारावर अंडे मुळात स्थिर राहावे हा त्या आकाराचा लाभ असावा, असे दाखविले आहे. २०१७ साली 'सायन्स' नियतकालिकात सुमारे १४०० जातींच्या अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अंड्याच्या आकाराचा संबंध पक्ष्याच्या उड्डाणक्षमतेशी आढळला. लेखिकेला हे २००६ साली ठाऊक असणे शक्य नव्हते. आज मुलाला वाचून दाखविणाऱ्याने मात्र ते सांगावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तकाच्या आरंभी कितीएक अंडी कोऱ्या पानावर, नावांसह, दागिन्यांसारखी मांडली आहेत. ती अंडी कोणाची, हे पुस्तक शेवटी त्या त्या प्राण्याचे चित्र देऊन सांगते. पण तोवर डोळ्यांना संग्रहाची गोडी लागलेली असते. गेल्या उन्हाळ्यात हे पुस्तक नातवाला दाखवीत होतो. वाडीमागच्या पडीक शेतात टिटवी सारखी ओरडत होती. तो धावत गेला आणि परत येऊन म्हणाला, "बाबा, चार आहेत! एक आणू? पुस्तकातल्याशी जुळवून बघू."

जाऊन पाहिले. घरटे नव्हतेच, उघड्या जमिनीवर खड्यांसारखी ठिपकेदार चार अंडी, निमुळती टोके आत वळवून ठेवलेली. त्याला हात धरून मागे आणले. बऱ्याच वेळाने टिटवीचे ओरडणे थांबले आणि ती येऊन बसली. मग तो कुजबुजला, "आता ती दिसतच नाहीत." पुस्तकाने त्याला डोळे दिले होते, हात आवरणे मात्र शिकविले नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांनाही प्राण्यांमध्येच गणले आहे. पण मुलाला कायदा नव्हे, परत येऊन बसणारी टिटवीच पटते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी कासवांची अंडी खाण्यासाठी नेली जात. २००२ पासून तीच अंडी राखून पिले समुद्रात सोडली जाऊ लागली. तेथेही फरक पडला तो पाहण्याच्या दृष्टीत.

म्हणून दोन्ही पुस्तके घरात जरूर असावीत. आधी हेलर वाचावे, म्हणजे मुलाला अंडजांचा गोतावळा कळेल. मग ॲस्टन-लाँग, म्हणजे एकेका अंड्यापाशी थांबणे जमेल. त्यानंतर पुस्तक मिटून त्याला शेताच्या बांधावर न्यावे, आणि अंड्यापासून किती दूर उभे राहावयाचे ते आपण स्वतः उभे राहून दाखवावे. तो धडा या दोन्ही पुस्तकांत नाही.