आपली आपण काढलेली छबी

गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सोलापूरच्या श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास जे असंख्य फोटो निघतात, त्यांची कोणीतरी समीक्षा करावी असे मला कित्येक दिवस वाटत होते. देऊळ तेच, तळे तेच, होम मैदानावरचा आकाशपाळणाही तोच. परंतु दुसऱ्या दिवशी फेसबुक उघडावे, तर एकाच्या फोटोत देवळाचा कळस त्याच्या कानामागून भीतभीत डोकावत असतो. दुसऱ्याच्या फोटोत पंधरा माणसे एकमेकांवर रेललेली, आणि फोटो काढणारा स्वतः कोपऱ्यात अर्धा कापला गेलेला! तिसऱ्याने नुसती चपलांची रास टिपलेली असते. हा गृहस्थ चोरून कविता करीत असावा.

असले तर्क करण्याचा नाद अगदीच निराधार नाही. मानसशास्त्रज्ञ बाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आणि जर्मनीतील तरुणांची फेसबुक व तत्सम संकेतस्थळांवरची पाने अनोळखी माणसांना दाखवून त्यांचे स्वभाव ओळखावयास सांगितले होते. 2010 साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की पानावर दिसतो तो माणूस त्याने रंगविलेला आदर्श नसून पुष्कळसा खराच असतो. बोलका, माणसांत रमणारा माणूस चटकन ओळखू आला. मनातून सदा धास्तावलेला मात्र ओळखता येईना. पुढे 2017 साली रीस आणि डॅनफर्थ यांनी 166 लोकांची 43,950 इन्स्टाग्राम-छायाचित्रे यंत्राकडून तपासली, तेव्हा खिन्नतेने ग्रासलेल्यांची चित्रे अधिक निळसर, करडी आणि काळोखी आढळली. म्हणजे माणसाला जे कळले नाही, ते थोडेफार यंत्राला कळले म्हणावयाचे!

या संशोधनाबद्दल मला आदर आहे. तक्रार एवढीच, की फोटोत काय आहे हे त्यात पाहिले जाते, तो कोणासाठी काढला हे विचारले जात नाही. जुन्या स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यापुढे उसना कोट चढवून बसलेला तरुण डामडौली होता काय? तो फोटो सोयरिकीसाठी मुलीकडे जावयाचा होता, एवढे कळले की कोटाचा अर्थच बदलतो. उलट, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणाऱ्याला स्वतःचा फोटो काढताच येत नाही. दोन्ही हात काठीला गुंतलेले. त्याच्या फोटोत त्याच्याइतकाच तो काढणाराही वाचावा लागतो.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक फोटो ठेवतात. कधी कडक भाकरी, कधी शेंगाचटणी. उजेड पाठीमागून, ताट तिरपे, आणि कोपऱ्यात हटकून त्यांचा डावा हात. प्रसिद्धीची ही भलतीच हौस, असा शेरा मी मनोमन मारून मोकळा झालो होतो. त्यात भर म्हणजे फोटो ठेवल्यावर तो कोणी कोणी पाहिला, याची यादी त्या दर दहा मिनिटांनी उघडून बघत. आषाढात काकू पडल्या होत्या, डाव्या मनगटाचे हाड मोडले होते आणि मुलगा पुण्याला नोकरीस आहे, हे सारे मला ठाऊक होते. पण ते फोटोशी जोडावे, असे काही समीक्षकाला सुचले नाही.

परवा काही कामानिमित्त त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या भाकरी थापीत होत्या. पिठाच्या हातांनी मोबाइल घेता येईना, म्हणून म्हणाल्या, "तेवढा फोटो काढा हो." आली संधी! मी उजेड पाहिला, परात बाजूला सारली, हात वगळून नेमकी भाकरी मधोमध आणली आणि मोठ्या अभिमानाने त्यांना दाखविली.

काकूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "भाकरीचं काय घेऊन बसलात? हात येऊ द्या की त्यात. दोन्ही हातांनी थापतेय, हे त्याला दिसायला नको?"