बाहुल्याचं भय, बाहुल्याचं हसू

चांदीच्या दागिन्याचा जोड कुठं दिलाय, हे हुपरीतला कारागीर पाहताक्षणी ओळखतो. तरी तो दागिना त्याला आवडतो. ‘झपाटलेला’ (1993) मी याच नजरेनं पाहत आलो. तात्या विंचूमागं रामदास पाध्यांचा हात आहे, हे ठाऊक असूनही बाहुला डोळे फिरवतो तेव्हा पोटात गोळा येतो. आणि लगेच हसूही फुटतं.

कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ची (1988), हे उघड आहे. पण महेश कोठारे यांनी लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा केला, हीच खरी करामत. ज्याचं पोटच ‘मी नाही, बाहुला बोलला’ या थापेवर चालतं, तो एक दिवस तेच खरं म्हणून सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही! लक्ष्मीकांत बेर्डे तिथं घाबरतात ते मनापासून. प्रेक्षकाला डोळा मारत नाहीत. दिलीप प्रभावळकरांचा तात्याही थट्टेत शिरत नाही.

2013 साली अमेरिकेत ‘शार्कनेडो’ आला. वावटळीतून शार्क पडतात, नायक करवत घेऊन धावतो. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण तिथं ओबडधोबडपणा मुद्दाम ठेवलेला. स्पिलबर्गच्या ‘जॉज’मधला (1975) यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे, म्हणून तो कमी दाखवावा लागला आणि भीती वाढली. ती अडचण खरी होती. तात्याचं लाकडी चालणंही तसंच, कुणी विनोदासाठी बिघडवलेलं नव्हे.