रोहिणीच्या गुच्छातील सरळ बाण

खगोलशास्त्राच्या पुस्तकात तारकागुच्छांचे प्रकरण आले की एक चित्र हमखास भेटते. वृषभ राशीतील हायडीज या खुल्या गुच्छाचे तारे ठिपक्यांनी दाखवलेले असतात. प्रत्येक ठिपक्यातून एक सरळ बाण निघतो आणि सारे बाण पूर्वेकडील एकाच बिंदूकडे रोखलेले असतात. खाली ओळ असते ती साधारण अशा अर्थाची, की सर्व तारे एकाच वेगाने समांतर चालले आहेत आणि त्यावरून गुच्छाचे अंतर काढता येते. हे चित्र आम्हीही शिक्षकांच्या शिबिरांत वर्षानुवर्षे दाखवले आहे. ते खोटे नाही. परंतु त्यातून मोजमापाविषयी जी समजूत विद्यार्थ्याच्या मनात बसते ती अपुरी असते, असे आता आम्हाला वाटते. म्हणून या चित्राची थोडी झाडाझडती घेऊ.

प्रथम त्याचे गुण पाहू. रेल्वेचे रूळ समांतर असूनही दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात. त्याचप्रमाणे आपल्यापासून दूर जाणारे, परस्परांना समांतर चालणारे तारे आकाशात एका बिंदूकडे चालल्यासारखे दिसतात. लुईस बॉस यांनी १९०८ साली या गुच्छातील सुमारे ४० ताऱ्यांच्या बाबतीत हे दाखवून दिले. हा अभिसरण बिंदू मृग नक्षत्रातील काक्षी ताऱ्याच्या पूर्वेला सुमारे ९ अंशांवर आहे. गुच्छाच्या मध्यापासून त्याचे कोनीय अंतर सुमारे ३२ अंश भरते आणि गुच्छाच्या गतीची अवकाशातील दिशा तीच असते. आता ताऱ्यांच्या वर्णपटातील रेषा किती सरकल्या आहेत ते पाहून दूर जाण्याचा वेग काढायचा. तो सेकंदाला सुमारे ३९ किलोमीटर आहे. आकाशाच्या पटावर तारे दरवर्षी सुमारे ०.११ विकला सरकतात. हिला निजगती म्हणतात. ३९ ला ३२ अंशांच्या टॅन्जंटने गुणले की आडवा वेग मिळतो, सेकंदाला २४.४ किलोमीटर. त्याला ४.७४ आणि ०.११ यांच्या गुणाकाराने भागले की उत्तर येते सुमारे ४७ पार्सेक, म्हणजे १५० प्रकाशवर्षांहून थोडे अधिक. दहावीचे त्रिकोणमितीचे ज्ञान एवढ्या कामाला पुरते, ही या पद्धतीची मोठीच थोरवी आहे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप काळाविषयी आहे. चित्रातले बाण कित्येक अंश लांब असतात. वर्षाला ०.११ विकला या गतीने एक अंश सरकायला जवळजवळ ३३,००० वर्षे लागतील. कोणीही निरीक्षकाने असा बाण पाहिलेला नाही. फोटोग्राफीच्या काचांवर ५० वर्षांच्या अंतराने एकच क्षेत्र टिपले तर तारा साडेपाच विकला सरकलेला आढळेल, म्हणजे चंद्रबिंबाचा सुमारे सव्वातीनशेवा भाग. उरलेला बाण हे गणित आहे. बाणाशेजारी किती वर्षांचा बाण आहे हे लिहिले नाही, तर विद्यार्थी त्याला निरीक्षण समजतो.

दुसरा आक्षेप निवडीविषयी आहे. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत जिला रोहिणीचा शकट म्हटले आहे ती आकृती याच गुच्छातील ठळक ताऱ्यांची; त्यांत सर्वांत तेजस्वी तांबूस रोहिणी. पण रोहिणी गुच्छातली नाही! ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तिची निजगती वर्षाला सुमारे ०.२ विकला असून ती मुख्यतः दक्षिणेकडे आहे. तिला चित्रातून वगळतात ते योग्यच. मात्र वगळण्याचा नियम पाहा: ज्याचा बाण त्या बिंदूकडे जात नाही तो गुच्छाचा सदस्य नाही. या चाळणीतून रोहिणीबरोबर आणखीही काही तारे गळतात. जोडीदार ताऱ्याच्या ओढीने डुलणारा युग्मतारा गळतो. शेजाऱ्याजवळून जाताना धक्का बसून बाजूला निघालेला अस्सल सदस्यही गळतो. जे रांगेत बसत नाहीत त्यांना बाहेर काढायचे आणि मग सारे रांगेत आहेत असे सांगायचे, यात निष्कर्षाचा काही भाग निसर्गाचा आणि काही भाग चाळणीचा असतो. यावर उपाय एकच: सदस्यत्वासाठी ताऱ्याचे स्वतःचे अंतर आणि वर्णपट असे स्वतंत्र पुरावे शोधणे.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाण पट्टीने आखलेले असतात आणि त्यामुळे गुच्छाच्या आत काही घडतच नाही असे वाटते. वास्तविक गुच्छातील तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने आतल्या आत फिरत असतात. हे आतले वेग सेकंदाला सुमारे ०.३ किलोमीटर, तर साऱ्या गुच्छाचा सामाईक वेग सुमारे ४६ किलोमीटर, म्हणजे दीडशेपट. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एसटीत एखादा प्रवासी सेकंदाला ११ सेंटिमीटर पुढे सरकतो आहे आणि त्याची ती हालचाल आपल्याला दूरच्या डोंगरावरून मोजायची आहे, असे हे काम आहे. ०.३ किलोमीटर म्हणजे वर्षाला केवळ ०.००१३ विकला. ५० वर्षांत ०.०७ विकला होतील. पण वातावरणामुळे काचेवर ताऱ्याचा ठिपकाच सुमारे एक विकला रुंद उमटतो.

त्यात आणखी एक मेख आहे. गुच्छ दूर जात असल्याने तो आकाशात हळूहळू आक्रसताना दिसतो. मध्यापासून ३ पार्सेकवरचा तारा त्यामुळे सेकंदाला सुमारे अडीच किलोमीटर वेगाने आत येत असल्याचा भास होतो, खऱ्या आतल्या वेगाच्या आठपट! हा भास आधी नेमका वजा करावा लागतो. गुच्छ खरोखरच आकुंचन पावत असेल तरी निजगतींत हेच दृश्य दिसेल. निव्वळ बाणांवरून दोन्हींत फरक करता येत नाही. त्यासाठी वर्णपटातून मोजलेला वेग हवा. चित्राखालची 'समांतर' ही गोष्ट आपण मोजलेली नसून गृहीत धरलेली असते.

मग एवढ्या क्षुल्लक वेगाची फिकीर का करावी? कारण गुच्छाचे भवितव्य त्यावर ठरते. सेकंदाला ०.३ किलोमीटर वेगाने तारा एक कोटी वर्षांत सुमारे ३ पार्सेक जातो आणि गुच्छाचे वय साठ-सत्तर कोटी वर्षे आहे. तेवढ्या काळात तारे कित्येकदा आरपार गेले, एकमेकांजवळून जाताना काहींचा वेग वाढला आणि आकाशगंगेच्या ओढीने ते निसटले. युरोपच्या गाइया या अवकाश दुर्बिणीने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत निजगती विकलेच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म दिल्या. त्यांच्या आधारे २०१९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे गुच्छाच्या पुढे आणि मागे पसरलेल्या ताऱ्यांच्या दोन शेपट्या शोधल्या. त्यांची एकूण लांबी २०० पार्सेकच्या घरात जाते. पट्टीने आखलेल्या बाणांच्या चित्रात विरघळत चाललेला हा गुच्छ कोठेच दिसत नाही.

अंतराच्या आकड्याचा इतिहासही बोलका आहे. १९६० च्या दशकात याच पद्धतीने काढलेले अंतर सुमारे ४० पार्सेक मानले जाई. इतर गुच्छांची अंतरे या गुच्छाशी तुलना करून ठरत आणि त्यांवर पुढची शिडी उभी होती. १९६६ मध्ये हॉज आणि वॉलरस्टीन यांनी गुच्छ याहून दूर असावा असे मांडले. हिप्पार्कस उपग्रहाच्या पराशयांवरून १९९८ मध्ये ४६.३ पार्सेक हे अंतर मिळाले आणि गाइयाने ते ४७ च्या किंचित पुढे नेले. ४० ऐवजी ४७ म्हणजे ताऱ्यांचे खरे तेज शेकडा ३८ ने अधिक. पद्धतीची भूमिती निर्दोष होती. तिच्यात घातलेल्या मोजमापांतील बारीक चुका मात्र शिडीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पोचल्या.

म्हणून शिक्षकमित्रांना आमचे सांगणे आहे की चित्र फळ्यावरून पुसू नका, त्यात भर घाला. बाण १०,००० वर्षांचा काढा. तो चंद्रबिंबाच्या निम्म्याहून थोडा मोठा येईल, आणि हा काळ त्याच्याशेजारी लिहा. रोहिणीचाही बाण त्यात काढा, दक्षिणेकडे जाणारा. मग मुलांना ३२ ऐवजी ३३ अंश घेऊन अंतर पुन्हा काढायला सांगा. एका अंशाच्या चुकीने उत्तर जवळजवळ शेकडा ४ ने बदलते, हे त्यांच्याच वहीत उतरेल. ४७ या आकड्यामागे किती गृहीतके उभी आहेत ते त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.