टी-शर्टवरचं नाव

नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' नावाचं मैदान आहे. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, लोक सकाळी चालायला येतात, मोर्चे जमतात. गोल्फ कुणी खेळत नाही. घोटीहून नाशिकला इंजिनिअरिंगला जायचो तेव्हाची माझी गोल्फशी ओळख तेवढीच. त्यामुळे नेटफ्लिक्सवरची 'फुल स्विंग' ही मालिका मी बर्डी म्हणजे काय हे न कळता बघितली, आणि त्यातल्या पैशाच्या गोष्टीत अडकलो.

गोष्ट थोडक्यात अशी. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने, म्हणजे पीआयएफने, २०२२मध्ये 'लिव्ह गोल्फ' सुरू केलं. लिव्ह म्हणजे रोमन आकड्यांत ५४ : तेव्हा चार दिवस ७२ होल खेळण्याऐवजी तीन दिवसांत ५४ खेळायचे. खेळाडू तेव्हा फक्त ४८ होते, मधेच कुणाला घरी पाठवायचं नाही, स्पर्धेला अडीच कोटी डॉलरची बक्षिसं. शेवटच्या क्रमांकावर आलेल्यालाही १ लाख २० हजार डॉलर. अमेरिकेच्या पीजीए टूरने लिव्हमध्ये खेळणाऱ्यांना निलंबित केलं.

'फुल स्विंग'चा पहिला सीझन याच वर्षाचा. इयन पोल्टर या इंग्लिश खेळाडूवर त्यात एक भाग आहे, नाव 'मनी ऑर लेगसी'. पैसा की वारसा. उतरणीला लागलेला खेळाडू, त्याचं घर, बायको-मुलं, आणि समोर आलेला प्रस्ताव. भाग बघताना पोल्टरचं पटतं, आणि माझी तक्रार तिथेच सुरू होते. हा प्रश्नच असा रचलाय की दोन्ही उत्तरं खेळाडूविषयी आहेत. त्याला पैसा हवा की नाव हवं? पैसा देणारा कोण, तो कशासाठी देतोय, त्याला बदल्यात काय मिळतं, हे या चौकटीत बसतच नाही. पत्रकार जमाल खशोगी यांची २ ऑक्टोबर २०१८ला इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली. तो विषय एका माणसाच्या घरातल्या मोहाच्या गोष्टीत विरघळून जातो. मालिका पीजीए टूरच्या सहकार्याने बनली आहे, हेही विसरायला नको. मोह नेहमी समोरच्या तंबूत असतो.

त्या तंबूचं नंतर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. टूरचे आयुक्त जे मोनाहन यांनी जून २०२२मध्ये टीव्हीवर ९/११च्या पीडित कुटुंबांचा दाखला दिला होता. टूरचा सदस्य असल्याबद्दल तुम्हाला कधी माफी मागावी लागली का, असं खेळाडूंना विचारलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत, ६ जून २०२३ला, त्यांनी त्याच पीआयएफबरोबर कराराचा आराखडा जाहीर केला. टूरकडे नैतिकता होती ती कुंपण म्हणून. कुंपणाचा मोबदला देऊ करणारा आला, तेव्हा कुंपण काढायची तयारी झाली. ज्यांनी टूरवर विश्वास ठेवून कोट्यवधी डॉलर नाकारले, त्यांना ही बातमी आपल्याला कळली त्याच सुमारास कळली.

आपला एक माणूस यात आहे. अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचा. मार्च २०२२मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये कॅमरन स्मिथच्या एका फटक्याने मागे, दुसरा. ऑगस्टच्या शेवटी पहिला आणि दुसरा, दोघंही लिव्हमध्ये. लाहिरीला नावं ठेवायला मला जमत नाही. मी घोटीत बसून आखातातल्या एका क्लायंटसाठी कोड लिहितो. तिथल्या मजुरांचं कसं चाललंय हे मी स्टँडअप मीटिंगमध्ये कधी विचारलेलं नाही.

पण दूर कशाला जायचं? अंधेरीत बघा. नोव्हेंबर २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटीवाला हाच ग्रुप. त्यातली मोठी मालकी अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांची. मालकी खाजगी आहे असं सांगितलं जातं. शेखसाहेब मात्र संयुक्त अरब अमिरातीचे उपराष्ट्राध्यक्ष आहेत. आपण ओरड केली नाही, मीही नाही. फुटबॉल सुंदर होतं हो! मार्च २०२१मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला मोहन बागानवर गोल मारला तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत खाटेवर उभा होतो. पुढच्या वर्षी याच संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. भारतीय क्लबने त्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत जिंकलेला तो पहिलाच सामना.

डिसेंबर २०२५मध्ये, आयएसएलच्या हक्कांचा करार संपून लीगच अडकलेली असताना, ग्रुपने हिस्सा सोडला. व्यावसायिक आढावा घेतला आणि लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, असं कारण दिलं. व्यवसाय म्हणून पाहिलं तर वावगं काही नाही. पण इतकी वर्षं आपण वाद घातला तो हा पैसा चांगला की वाईट यावर. तो कुणाच्या मर्जीने येतो आणि कुणाच्या मर्जीने उठून जातो, हे विचारलंच नाही. ना खेळाडूंचा त्यात शब्द, ना गॅलरीतल्या पोरांचा.

'स्पोर्ट्सवॉशिंग' हा शब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. धुतलं म्हणजे डाग दिसेनासा व्हायला हवा. इथे डाग सगळ्यांना दिसतो, सगळ्यांना माहीत असतो, फक्त त्याबद्दल बोलणं अवघड होऊन बसतं. हे कळायला मला सौदीला जावं लागलं नाही.

समृद्धी महामार्गाच्या जमीन खरेदीचे दिवस होते. इगतपुरी तालुक्यात गावोगाव मोजणी, हरकती, मोबदल्याचे आकडे. मी कॉलेजात होतो, सुटीत गावाकडच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो. त्या वर्षी पहिल्यांदाच मॅट आली, दिवे आले, टी-शर्ट आले. टी-शर्टच्या पाठीवर एका जमीन दलालाचं नाव. तो महामार्गाच्या आजूबाजूच्या जमिनी घाईघाईने गोळा करत होता, आणि माझ्या काकांच्या सातबाऱ्यावरच्या एका चुलत हिस्सेदाराला त्याने परस्पर पटवलं होतं. काका तलाठ्याकडे हेलपाटे घालत होते. हे मला माहीत होतं. टीममधल्या सगळ्यांना माहीत होतं. मॅटवर पडल्यावर गुडघे फुटत नाहीत, हेही सगळ्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

फायनलला दलाल पहिल्या रांगेत सोफ्यावर होता. भोंग्यावरून दर दहा मिनिटांनी त्याचं नाव. काका मागे, शाळेच्या भिंतीला टेकून उभे. मी दोनदा चढाईला गेलो, एकदा पकडला गेलो. बक्षीस घेताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाला.

घरी आल्यावर काकूने वाढलं. काका जेवत होते. टी-शर्ट माझ्या अंगातच होता. त्यांनी पाठीकडे बघितलं की नाही मला सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, "किती पॉइंटने जिंकलात रे?"

"चार," मी म्हणालो.


"मग बरंय," म्हणाले, आणि काकूकडे भात मागितला.