गोळीने निदान होत नाही

शिवाजी पेठेतल्या एका शिक्षकमित्राने ठासून सांगितले, "उत्तेजक गोळीनं चळवळं पोरगं शांत झालं, म्हणजे त्याला एडीएचडी आहेच. निरोगी पोरगं उलट चेकाळलं असतं." जुन्या पुस्तकांतून आलेला हा समज चुकीचा आहे. १९७८ साली अमेरिकेत ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १४ निरोगी मुलग्यांना डेक्स्ट्रोॲम्फेटामिन दिले. तेही कमी चळवळले, त्यांचे लक्षही वाढले! उलट, १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन दिलेल्या ३० मुलांपैकी १४ जणांचाच अभ्यास झपाट्याने सुधारला होता. मेंदूतले डोपामिन सर्वांचेच वाढते. कोणती मात्रा मानवेल, हे मात्र मुलागणिक वेगळे. एखाद्याची भूकच मरते. तेव्हा गुरुजी, पालकांना नुसते 'शांत झाला' कळवू नका. गणिते किती सुटली, डबा संपला का, तेही लिहा.