खाली ढकललेले

जॉर्ज मॅकडोनाल्डची ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’ (१८७२) ही मुलांची कादंबरी भरवेलीत वाचताना वेगळीच लागते. इथं मँगनीजची खाण. पाळीवर खाली उतरणं म्हणजे काय, ते घराघरात ठाऊक. आईला लाल, उबदार परकर घ्यायचा म्हणून खाणकामगाराचा पोर कर्डी रात्रीही खाणीत थांबतो, तिथं परीकथा अगदी खरी होते.

पण खालच्या गॉब्लिनांचं काय? तेही पूर्वी वरच राहत. राजाच्या जाचानं खाली गेले, अशी दंतकथा लेखकच सांगतो. शेवटी खाणकामगारांवर सोडलेल्या पाण्यात त्यांच्यातलेच कितीतरी बुडतात आणि आपण हुश्श करतो. कर्डीचे कष्ट दिसणाऱ्या लेखकाला यांचं हुसकलेपण सांगूनही जाणवू नये?