उपदेशकाचे समाधान

जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’तील (१९७२) माणसे नियतीपुढे हरतात, म्हणून लेखकाला निराशावादी ठरवून आपण मोकळे होतो. मग जुन्या करारातील ‘उपदेशक’ या ग्रंथाचे काय करावे? त्याच्या पहिल्याच अध्यायात मानवाचे सारे श्रम व्यर्थ ठरतात. तरीही तो वाचून मन खचत नाही, उलट निवते. याचे कारण अकराव्या अध्यायात सापडते. कोणते बी फळेल हे ठाऊक नसतानाही सकाळी पेरावे, संध्याकाळी हात आखडू नये, असे तेथे सांगितले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या कोरडवाहू पऱ्हाटीवर जगणाऱ्याला हे समजावून द्यावे लागत नाही. पावसाने दगा दिला की तो दुबार पेरणी करतो. यशाची हमी मागणे सुटले की ताटातील भाकर हे देवाचे देणे वाटू लागते. उपदेशकाचे समाधान ते एवढेच. जी. एं.च्या कथांत ही भाकर क्वचितच दिसते आणि तेथे ते मला उणे वाटतात (अनेकांना हे रुचणार नाही). मात्र चौथ्या अध्यायात उपदेशकाने गांजलेल्यांचे अश्रूही पाहिले आहेत. त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही, हेही नोंदवले आहे. कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिलेल्या या जिल्ह्यात तो अध्याय वगळून मला हा ग्रंथ वाचता येत नाही.